एका सुताचाही फरक नाही

सुरुवातीलाच सांगून ठेवते, पन्हळ सपाट ठेवा असं मी कुणाला सांगितलं नव्हतं. नंतर घरात कुणाची किती चूक याची जी वाटणी झाली, तिच्यात माझ्याही पदरात थोडी टाकण्यात आली. ती मला मान्य नाही. सगळी तर नाहीच नाही.

आमच्या शेतावर बाबांनी पंचवीस वर्षांपूर्वी उभी केलेली शेड आहे. चाळीस फूट लांब, अठरा फूट रुंद, मधे आढं आणि दोन्ही बाजूंना उतरते पत्रे. पुढच्या टोकाला मोठं दार आहे, तिथून दादाचा ट्रॅक्टर आत येतो. आत दादाच्या गवताचे गठ्ठे, पत्र्याला टेकतील इतके रचलेले. आणि मागच्या टोकाला बाहेरच्या अंगाला, ताडपत्रीच्या आडोशात, माझ्या अकरा शेळ्या. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. माणूस चांगला आहे, फक्त त्याच्या गवताला हात लावायचा नाही.

मी तीन वर्षांपूर्वी शहरातून परत आले. त्याआधी सतरा वर्षं कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. शिवून आलेला सदरा उलटा करायचा, शिवणी ताणून बघायच्या, जिथे दोन तुकडे जोडलेत तिथे नखाने टोकरायचं. कापड सहसा मधेच फाटत नाही, जोडावर उसवतं. सतरा वर्षं हेच बघितल्यामुळे मला आता कुठेही आधी जोडच दिसतो, आणि जोड दिसला की माझं डोकं फिरायला सुरुवात होते. कारखाना बंद पडला तेव्हा मी बाबांना म्हटलं होतं, दोन वर्षं येते, शेळ्या पाळून बघते, नाही जमलं तर जाईन परत. दोनाची तीन झाली. शहरातली मैत्रीण अजून फोन करून सांगते की तिच्या कारखान्यात माझ्यासाठी जागा आहे, कधीही ये.

गेल्या पावसात ताडपत्री फाटली आणि तीन करडं भिजून, गारठून मेली. तिसरं माझ्या मांडीवर गेलं. मी ते टॉवेलने पुसत होते आणि ते गेलंय हे मला बऱ्याच वेळाने कळलं. त्या दिवशी मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, पुढच्या पावसाच्या आत शेळ्यांना कोरडी जागा झाली नाही, तर मी त्या विकणार आणि निघणार. पुन्हा एक करडू असं बघायची माझी तयारी नाही. वहिनी म्हणाली, "बरोबर आहे ताईंचं." बाबा म्हणाले, "बघू."

या 'बघू'ने माझा जन्म खाल्लाय. आम्ही लहान असताना बाबांनी दोघांत मिळून एक सायकल आणली. कुणाची, ते सांगितलं नाही. दादा म्हणायचा माझी, मी म्हणायचे माझी, बाबा म्हणायचे बघू. आम्ही भांडत भांडत मोठे झालो, सायकल भिंतीला टेकून गंजली, आणि ती कुणाची होती हे आजवर ठरलेलं नाही. आई होती तोवर निदान घरात एक माणूस तरी हो किंवा नाही म्हणायचं. ती गेल्यापासून प्रत्येक गोष्टीचं भिजत घोंगडं.

तरीही या वेळी बाबा हलले. पाऊस यायला सात आठवडे असताना त्यांनी मिस्त्रींना बोलावलं. पत्र्याचं आणि वेल्डिंगचं काम करणारे हे मिस्त्री पन्नाशीचे, कामाला चोख, पण त्यांना काहीही सांगा, उत्तर एकच, "होऊन जाईल." गावात त्यांचं खरं नाव कुणी घेत नाही, सगळे त्यांना होऊनजाईल म्हणतात. ते स्वयंपाकघरात टेबलाशी बसले आणि बाबांनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून त्यावर पेन्सिलीने काढलेला नकाशा पसरला. बाबांनी नकाशा काढलाय याचंच मला आश्चर्य वाटलं.

नवी शेड जुनीच्या उजव्या अंगाला जोडून काढायची, पूर्ण चाळीस फूट लांब आणि चौदा फूट रुंद. इथवर सगळ्यांचं एकमत होतं. घोडं अडलं ते छपरावर.

"जुन्या पत्र्याचा उतार आहे तसाच पुढे न्या," मी म्हटलं. "सगळं पाणी लांब बाहेर पडेल. मधे जोडाची भानगड नको."

"होऊन जाईल," मिस्त्री म्हणाले.

वहिनी ओट्याशी भांडी पुसत होती. तिथूनच तिने विचारलं, "जुना पत्रा कडेला किती उंचीवर आहे?"

"आठ फूट," मिस्त्री म्हणाले.

"आणि उतार पाच फुटांना एक फूट. म्हणजे चौदा फुटांना जवळजवळ तीन. बाहेरची कड पाच फुटांवर येणार." तिने ताट फडताळात ठेवलं. "शेळ्या उभ्या राहतील, ताई रांगत आत जातील."

दादा हसला. मला हसू आलं नाही, कारण तिचं बरोबर होतं.

"मग जुनं छप्परच तीन फूट उचला," मी म्हटलं.

"होऊन जाईल," मिस्त्री म्हणाले.

"काय होऊन जाईल?" दादा एकदम ताठ झाला. "पत्रे काढणार, आणि खाली माझं गवत?"

"गवत हलव."

"कुठे हलवू? डोक्यावर घेऊन फिरू?"

"पंधरा दिवसांचा प्रश्न आहे."

"तुझ्या शेळ्या हलव ना मग पंधरा दिवस. घे घरात."

असं आमचं अर्धा तास चाललं. मिस्त्री आळीपाळीने दोघांकडे बघून मान डोलवत होते. शेवटी बाबा खाकरले. "जुन्याला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "नव्याचा उतार उलटा घ्यायचा, जुन्याच्या दिशेने. बाहेरची कड उंच, आतली कड खाली. दोन्ही पत्र्यांचं पाणी मधे येईल. मधे पन्हळ टाकायची."

दादाचं गवत हललं नाही आणि मला रांगावं लागणार नव्हतं. दोघांचंही मन राखलं गेलं. फक्त दोन छपरांचं सगळं पाणी आता एका जोडात येणार होतं, आणि तो जोड बरोबर माझ्या शेळ्यांच्या कडेला. मी हे बोलून दाखवलं. मिस्त्री म्हणाले, पन्हळ रुंद घेऊ, दोन्ही पत्रे चार चार बोटं आत सोडू, सांधे पक्के करू, होऊन जाईल. मी नकाशा ओढून घेतला. पन्हळ कुठे सुरू होते, कुठे संपते, ते बघू लागले. मागच्या टोकाला, शेळ्यांच्या अंगणात, एक लहान चौकोन काढलेला होता. काढून खोडला होता, पुन्हा काढून पुन्हा खोडला होता. तिथलं कागदाचं अंग झिजून पातळ झालं होतं.

"हे काय आहे?"

"काही नाही," बाबांनी त्यावर अंगठा ठेवला. "चुकून आलंय."

मी सोडून दिलं. मला तेव्हा पन्हळीची काळजी होती.

पुढच्या आठवड्यात आम्ही जागेवर उभे होतो. मिस्त्रींनी जमिनीवर फक्कीने पन्हळीची रेघ मारली, चाळीस फूट सरळ, आणि विचारलं, "पाणी कुठल्या टोकाला सोडायचं? पुढे का मागे?"

"मागे," दादा म्हणाला.

"पुढे," मी म्हणाले.

दोघांनी एका श्वासात म्हटलं. वहिनीने कपाळाला हात लावला.

दादाचं म्हणणं, पुढे ट्रॅक्टरचं दार आहे, तिथे धो धो पाणी पडलं तर चाकांनी चिखल होणार आणि ट्रॅक्टर रुतून बसणार. माझं म्हणणं, मागे शेळ्यांचं अंगण आहे, शेळी चिखलात उभी राहिली की खुरं सडतात. दादा म्हणाला, माणसांनी कामं कशी करायची ते शेळ्यांना विचारायचं का? मी म्हटलं, ट्रॅक्टरला खुरं नाहीत. तो म्हणाला, तुला एक दिवस रुतलेला ट्रॅक्टर काढायला लावतो, मग बोल. मी काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.

"मागे घेतलं तर टाकी लागेल," मिस्त्री मधेच म्हणाले. "पाइप थेट टाकीत. अंगण कोरडं राहील, शेळ्यांना प्यायला पाणी पण होईल."

हे आजवरच्या सगळ्या बोलण्यातलं पहिलं शहाणपणाचं वाक्य होतं, पण मी तेव्हा इतकी तापले होते की मला ते दादाच्या बाजूचं वाटलं.

"टाकी बिकी नको," मी म्हटलं. "फारच झालं तर ड्रम ठेवू."

"ड्रम किती लिटरचा?" वहिनीने विचारलं.

"दोनशे."

तिने छपराकडे बघितलं, बोटांवर काहीतरी मोजलं. "एका मोठ्या सरीत या दोन पाख्यांवरून दोन हजार लिटर तरी उतरेल, ताई. दहा ड्रम लागतील. टाकी बांधलेली बरी."

"बांधून काय करायची? ड्रम नेता तरी येतो."

हे मी सहज बोलले. म्हणजे मला तेव्हा सहज वाटलं. बाबा खाली बघत होते आणि चपलेच्या टोकाने फक्कीची रेघ पुसत होते. मिस्त्री म्हणाले, "काका, रेघ," तेव्हा ते थांबले.

वहिनीने आणखी एक तोडगा काढला. पन्हळ मधे उंच ठेवायची, अर्धं पाणी पुढे, अर्धं मागे. तिला वाटलं असेल की आता तरी भांडण मिटेल. दादा म्हणाला, अर्धा चिखल म्हणजे पण चिखलच. मी म्हणाले, अर्धी सडलेली खुरं मला नकोत. त्या एका गोष्टीवर आम्हा भावंडांचं एकमत झालं. वहिनीने हात झटकले आणि ती घरात निघून गेली.

"बघू," बाबा म्हणाले. "मी मिस्त्रींशी बोलतो."

मला तिथेच कळायला हवं होतं.

काम सुरू झालं. खांब उभे राहिले, त्यावर क्लॅम्प लागले, आठ आठ फुटांचे पाच तुकडे जोडून पन्हळ चढली. मिस्त्रींनी काम खरंच देखणं केलं. सांध्यांवर बोट फिरवलं तर खाच लागत नव्हती. मी प्रत्येक सांधा नखाने टोकरून बघितला आणि मिस्त्रींना नाव ठेवायला मला जागा सापडली नाही, याचा मला थोडा रागच आला. उतार कुठल्या बाजूला दिलाय हे मी दोनदा विचारलं. एकदा ते म्हणाले, काकांना विचारा. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, मिस्त्रींना सगळं सांगितलंय. दोघांनी मिळून ताकास तूर लागू दिली नाही. डोळ्यांनी बघून समजत नव्हतं, कारण चाळीस फुटांत चार इंच म्हणजे डोळ्यांना काहीच नाही.

पत्रे चढायच्या आदल्या दिवशी मी अडून बसले. आधी पन्हळीत पाणी सोडून बघायचं, मग पत्रे. सदरा शिवून इस्त्री झाल्यावर शिवण तपासण्यात काय अर्थ आहे?

"होऊन जाईल, ताई," मिस्त्री म्हणाले. "पण काही गरज नाही. काम एकदम पक्कं आहे."

"मग बघायला भीती कशाची?"

मी मोटर चालू करायला लावली, पाइप खांद्यावर घेतला आणि शिडीवर चढले. खाली दादा, वहिनी, मिस्त्री. बाबा लांब, पंपाच्या खोलीच्या दाराशी. मी पाइप पन्हळीच्या बरोबर मध्यावर धरला. पाणी पडलं, दोन्ही बाजूंना पसरलं आणि थांबलं.

मी वाट बघितली. पाणी हळूहळू चढत होतं. ते पुढेही जाईना आणि मागेही जाईना. चाळीस फूट लांब, बोटभर खोल, आरशासारखं स्वच्छ तळं झालं, त्यात आभाळ दिसत होतं. मग दोन्ही टोकांच्या भोकांतून करंगळीएवढी धार लागली, अगदी सारखी, पण पाइपातून येणारं पाणी त्याच्या दसपट होतं. ते चढत चढत काठाला आलं आणि मधोमध, जिथे पन्हळ स्वतःच्या वजनाने केसभर वाकली होती, तिथून खाली कोसळलं. खाली गाभण शेळ्यांसाठी मी आखलेले कप्पे होते. माझ्या पांढऱ्या फक्कीच्या रेघा माझ्या डोळ्यांदेखत वाहून गेल्या.

"मिस्त्री," मी शिडीवरूनच विचारलं, "उतार कुठे आहे?"

"उतार नाही, ताई."

"नाही म्हणजे?"

"काकांनी सांगितलं, लेव्हल ठेवा." आणि मग त्यांचा चेहरा उजळला. मी शपथेवर सांगते, उजळला. "नळीने पाणी धरून लेव्हल काढलीय. चार वेळा तपासली. चाळीस फुटांत एका सुताचाही फरक नाही!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीस वर्षं पन्हळी लावणारा माणूस, आणि त्याने आयुष्यातलं सगळ्यात अचूक काम केलं ते हे. मी म्हटलं, मिस्त्री, पन्हळ म्हणजे फळी आहे का, वर भांडी मांडायला? पन्हळीला उतार लागतो हे शेंबड्या पोराला कळतं. ते म्हणाले, कळतं ना ताई, मला पण कळतं, पण काका म्हणाले. दादा खालून ओरडला, "बघ, म्हणून मी म्हणत होतो मागे घ्या!" मी वरून ओरडले, "तू म्हणत होतास म्हणूनच हे झालंय!" वहिनीने जाऊन मोटर बंद केली.

मी शिडी उतरले आणि तरातरा बाबांकडे गेले. पाच आठवडे उरले होते. अकरातल्या सात शेळ्या गाभण होत्या. मला ओरडायचं होतं आणि मी ओरडले.

"एक बाजू ठरवता येत नाही तुम्हाला? आयुष्यात एकदा? दादाला राग येईल म्हणून पुढे नाही, मला राग येईल म्हणून मागे नाही. आणि पाणी कुठे गेलं? माझ्या शेळ्यांच्या डोक्यावर. तुमच्या मन राखण्यापायी पुन्हा करडं मरतील. कळतंय का तुम्हाला?"

बाबा पंपाच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"दादाच्या रागाचं काही नव्हतं," ते म्हणाले. "तो दोन दिवस रुसतो, मग जेवतो. पाणी मागेच घ्यायचं होतं. ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"मग घ्यायचं की!"

"मागे घेतलं म्हणजे टाकी आली."

"मग टाकी बांधायची!"

"ती तुला विचारूनच बांधावी लागली असती." त्यांनी हातातली काडी मोडली. "टाकी बांधू का, असं विचारलं असतं, तर तू म्हणाली असतीस नको, ड्रम बरा, नेता येतो. म्हणालीसच. त्याच्यापुढे मी काय बोलणार? तू राहणार आहेस का जाणार आहेस, हे मला विचारायचं नव्हतं. विचारलं की तू उत्तर देतेस."

कॅलेंडरच्या पानावरचा तो चौकोन मला आठवला. काढून खोडलेला, पुन्हा काढून पुन्हा खोडलेला. या माणसाने स्वयंपाकघरात एकट्याने बसून माझी टाकी काढली होती आणि मला दिसू नये म्हणून पुसली होती. मला त्यांचा इतका राग आला की रडू येऊ लागलं, आणि रडू येऊ लागलं याचा वेगळा राग आला.

"नकाशा कुठाय?" मी विचारलं.

"खिशात."

"द्या."

त्यांनी चार घड्या घातलेलं पान काढून दिलं. मी ते पंपाच्या खोलीच्या भिंतीवर धरलं. वहिनीच्या कानामागे पेन होतं, हिशेब करताना ती ते तिथे खोचते आणि विसरते. ती जवळ आलीच होती. मी ते ओढून घेतलं आणि त्या झिजलेल्या जागी चौकोन काढला. बाबांच्या रेघा अजून अंधूक दिसत होत्या, त्यांच्यावरूनच गेले. त्यांची एक बाजू वाकडी होती, ती सरळ केली. आत लिहिलं, टाकी. मग कागद फाटू नये म्हणून हळू हाताने त्याच्याभोवती आणखी एक रेघ ओढली.

दादा मागून डोकावला. "पेनाने काढलंस? आता खोडता यायचं नाही."

"खोडून काय करायचंय?" मी म्हटलं, आणि पान मिस्त्रींच्या हातात कोंबलं. "मागे उतार द्या. चाळीस फुटांना चार इंच. आणि टाकी बांधायची, ड्रम नाही. आठ बाय सहा, चार फूट खोल. वहिनी, पुरेल का?"

वहिनीने बोटं मोजली. तिला आज जरा वेळ लागला. "पुरेल," ती म्हणाली. "दोन मोठ्या सरी आल्या तरी पुरेल."

"होऊन जाईल," मिस्त्री म्हणाले. पण पन्हळीकडे बघताना त्यांचा चेहरा पडला होता. एवढी सुंदर लेव्हल पुन्हा कधी साधणार, असं काहीतरी ते पुटपुटले. मी लक्ष दिलं नाही.

बाबा उंबऱ्यावरच बसून होते. मी चिडून म्हटलंही, आता तरी काही म्हणा. ते उठले, पंपाच्या खोलीत गेले आणि फावडं शोधत बसले. फावडं त्यांच्या समोर भिंतीला टेकलेलं होतं.

दोन दिवसांनी मिस्त्रींनी पुढचे क्लॅम्प दोन इंच वर घेतले, मागचे दोन इंच खाली. मागच्या टोकाला पाइप जोडला. त्याच्या खाली टाकीसाठी खणलेला खड्डा होता, अजून गुडघाभरच, त्यातला अर्धा बाबांनी एकट्याने खणला होता. थांबा म्हटलं तरी ते थांबले नव्हते. मी पुन्हा शिडीवर चढले आणि पुढच्या टोकाला पाणी सोडलं. या वेळी ते थांबलं नाही. पन्हळीच्या तळातून सरसर निघालं, पाचही सांधे ओलांडले, एक थेंब खाली पडला नाही. मी बघत होते, नजर सांध्यांवरच होती. खाली कप्प्यांत फक्कीच्या रेघा कोरड्या होत्या.

मग मागे पाइपातून पाणी पडल्याचा आवाज आला. मी वळून बघितलं. धार खड्ड्यात पडत होती आणि बाबा धारेच्या खालीच उभे होते. चपला घालून. फावडं हातात तसंच, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला, अंगावर चिखल उडतोय.

"बाबा, बाजूला व्हा!" मी वरून ओरडले. "भिजताय तुम्ही! चपला भिजल्या!"

त्यांनी वर बघितलं, ऐकू आलं असं मानेने सांगितलं, आणि तिथेच उभे राहिले. वहिनीला म्हटलं मोटर बंद करा, तर ती म्हणाली, राहू दे ना ताई थोडा वेळ. दादा तर हसतच होता. मी शिडीवर पाइप धरून उभी, हात भरून आलेले, आणि खाली हा एवढा मोठा माणूस दोन्ही पाय माझ्या टाकीत घालून उभा.

सर्दी होईल ना त्यांना. पण माझं कुणी ऐकलंय का या घरात कधी?